पंचाहत्तर टक्क्यांच्या अलीकडची मुलं

‘संधी भरपूर आहेत, मुलंच शोधत नाहीत.’ पदवी महाविद्यालयांतल्या संशोधनविषयक कार्यशाळांमध्ये हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं, की त्यावर आता कुणी प्रश्नही विचारत नाही. पाहुणे म्हणून आलेले शास्त्रज्ञ ते म्हणतात, आभार मानताना प्राचार्य ते पुन्हा म्हणतात, आणि सभागृहात बसलेली मुलं दोष आपलाच आहे असं समजून घरी जातात. मी तालुक्याच्या गावी पदवीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. या वाक्याने आमच्या मुलांवर होणारा अन्याय मला आता मुकाट्याने ऐकून घेता येत नाही, म्हणून हा प्रतिवाद.

त्या वाक्यात जेवढं खरं आहे तेवढं आधी मान्य करते. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ हा राष्ट्रीय उपक्रम चालवतं. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्राची मुलं तिथल्या शिबिरांना जातात आणि त्यातली काही पुढे तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर प्रकल्प करतात. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत काम करायला मिळतं, वर विद्यावेतनही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, आयुकाचा, निरनिराळ्या आयसरचा सुटीतला कार्यक्रम असतो. हे उपक्रम मनापासून चालवणारी माणसं आहेत आणि त्यांच्यामुळे अनेकांची आयुष्यं बदलली आहेत.

पण हिशेब करून पाहा. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालात देशातल्या उच्च शिक्षणातली विद्यार्थिसंख्या ४.३३ कोटी आहे आणि त्यांतले सुमारे ७९ टक्के पदवीचे आहेत. म्हणजे ३ कोटी ४० लाखांच्या आसपास. वर सांगितलेल्या सगळ्या कार्यक्रमांच्या जागा एकत्र केल्या तरी त्या काही हजारांच्या पलीकडे जात नाहीत. उद्या आमच्या प्रत्येक मुलाने मनापासून शोधायला सुरुवात केली, तरी त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना नकारच मिळेल. मग ‘मुलं शोधत नाहीत’ या निदानाला अर्थ काय राहिला? उणीव जागांची आहे आणि ठपका मात्र मुलांच्या इच्छाशक्तीवर ठेवला जातो.

आता शोधणं म्हणजे नेमकं काय करणं, ते पाहू. उन्हाळ्यात प्रयोगशाळेत जायचं, तर अर्ज दिवाळीच्या सुमाराला करावा लागतो. हे सांगणारं कुणीतरी घरात किंवा विभागात असावं लागतं. अर्जाबरोबर आपल्याला काय करायचं आहे हे इंग्रजीत मुद्देसूद लिहावं लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र जोडावं लागतं. ज्या विभागात निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत आणि दर वर्षी बदलतात, तिथे त्या मुलाला नीट ओळखणारा, त्याच्याविषयी दोन खरी वाक्यं लिहू शकणारा शिक्षक कुठून आणायचा? समजा, तेही जमलं आणि निवड झाली. मे-जूनचे दोन महिने तिकडे जायचं, तर आमच्या विद्यापीठांच्या परीक्षा अनेकदा ऐन त्याच काळात चालू असतात. परीक्षा संपली, तरी घरची खरिपाची तयारी असते, आणि ज्या मुलाच्या सुटीतल्या मजुरीवर पुढच्या वर्षाची फी भरली जाते त्याला विद्यावेतन हातात येईपर्यंतचा प्रवास आणि खोलीभाडं परवडत नाही. मुलगी असेल तर दोन महिने परमुलखात एकटी राहण्यावरून घरात जे बोलणं होतं, ते मी कितीतरी आयांच्या समोर बसून ऐकलं आहे. ‘मॅडम, तुम्ही हमी घेता का?’ असं विचारणाऱ्या आईला मी भित्री म्हणू शकत नाही.

दुसरा मार्ग थेट ई-मेलचा. ‘प्राध्यापकांना लिहा, दहांतला एक तरी उत्तर देईल,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. प्राध्यापकांकडे रोज एकाच साच्यातली पत्रं येतात: ‘मला आपल्या संशोधनात अत्यंत रस आहे’, आणि खाली त्यांच्या कामातलं एक अक्षरही नसतं. अशी पत्रं उघडलीही जात नाहीत आणि त्याबद्दल मी प्राध्यापकांना दोष देणार नाही. उत्तर येतं ते त्या पत्राला, ज्यात मुलाने त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून एक खरा प्रश्न विचारलेला असतो. पण शोधनिबंध वाचायला तो हातात तर पडला पाहिजे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना मंजूर केली. सुमारे १३,००० आंतरराष्ट्रीय नियतकालिकं आणि तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. पाऊल मोठं आणि स्वागत करण्यासारखं आहे. मात्र ती जाहीर झाली सरकारी व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी, आणि महाराष्ट्रातली बहुतेक पदवी महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्था चालवतात. ज्याला वाचायला मिळत नाही त्याने वाचून पत्र लिहावं, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची?

शोधणाऱ्याला सापडतं याचा दाखला म्हणून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची गोष्ट सांगितली जाते. १९२८ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड मद्रासला आले. प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये पदवीला असलेला, जेमतेम अठरा वर्षांचा चंद्रशेखर त्यांना हॉटेलवर जाऊन भेटला. झोमरफेल्ड यांनी त्याला सांगितलं की तू शिकलेलं भौतिकशास्त्र आता जुनं झालं, आणि आपल्या छापून यायच्या लेखाची मुद्रितं त्याच्या हातात ठेवली. त्यातून चंद्रशेखर यांनी जो निबंध लिहिला तो १९२९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. ही गोष्ट मीही वर्गात सांगते, पण पूर्ण सांगते. तो मुलगा मद्रासमध्ये होता, जिथे झोमरफेल्ड आले होते. तो प्रेसिडेन्सी कॉलेजात होता. त्याचे सख्खे काका चंद्रशेखर वेंकट रामन होते आणि त्यांच्या कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्याने सुटी घालवली होती. त्याची बुद्धी आणि धाडस यांना तोड नाही. पण ज्या दारावर त्याने थाप मारली ते दार त्याच्या वाटेवर होतं. आमच्या गावातल्या हॉटेलात झोमरफेल्ड उतरत नाहीत.

आता दुसरा आक्षेप, जो मला पहिल्यापेक्षा जास्त घातक वाटतो, कारण तो आपल्याच शिक्षकांच्या तोंडी असतो: ‘आधी पाया पक्का करा, संशोधन पुढचं पुढे.’ पदवीच्या मुलाला धड द्रावण करता येत नाही, त्याने संशोधन काय करायचं, असा त्याचा मथितार्थ. ऐकायला हे समंजस वाटतं. पण द्रावण नीट करायला मुलगा शिकतो केव्हा? ते द्रावण चुकलं तर ज्याचं उत्तर त्याला खरोखर हवं आहे तो प्रयोग वाया जाणार असतो, तेव्हा. ज्या प्रात्यक्षिकाचं उत्तर जर्नलात आधीच लिहून ठेवलेलं आहे, वरच्या वर्गातल्या मुलाकडून उतरवून घेतलं आहे, तिथे द्रावण चुकलं काय आणि बरोबर आलं काय, सही मिळतेच. पाया याच पद्धतीने कच्चा राहिला आहे, आणि तो कच्चा आहे म्हणून त्याच पद्धतीचा आणखी एक डोस द्या, असं आपण म्हणतो आहोत.

आपल्याकडे हे नेहमी असं नव्हतं. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना १९२७ मध्ये गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. ते तेव्हा पदवीधरही झालेले नव्हते, बी.एस्सी. झाले १९२९ मध्ये. त्यांनी पदव्युत्तर शिक्षण कधीच घेतलं नाही, देवळालीला शाळामास्तर म्हणून नोकरी केली आणि ६१७४ या संख्येचा जो गुणधर्म त्यांनी शोधला त्यावर जगभरचे गणिती आजही लिहितात. पारितोषिकाने कापरेकर घडले असं मी म्हणत नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यात कुणाला तरी असं वाटलं होतं, की पदवीच्या मुलाने केलेलं नवं काम तपासावं आणि त्याचा मान करावा. तोच विचार आज मांडला की ‘सिलॅबस कधी पुरा होणार?’ असं उत्तर मिळतं.

कापरेकर आणि चंद्रशेखर ही असामान्य माणसं झाली, सामान्य मुलांचं काय, असा प्रश्न यावर येणारच. तो रास्त आहे. म्हणून आता माझ्या विषयातली गोष्ट सांगते, आणि ती जरा सविस्तर सांगते, कारण माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

जिवाणूंना मारणारे विषाणू असतात. त्यांना फाज म्हणतात. ते मातीत, शेणात, गटाराच्या पाण्यात, कुठेही सापडतात आणि प्रत्येक ओंजळभर मातीत आजवर कुणी न पाहिलेला फाज असू शकतो. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रॅहम हॅटफुल यांनी हे ओळखलं की हे काम करायला अनेक वर्षांचं शिक्षण लागत नाही. २००८ पासून ह्यूज वैद्यकीय संस्थेच्या मदतीने तिथल्या महाविद्यालयांत एक अभ्यासक्रम सुरू झाला, ज्यात पहिल्या वर्षाची मुलं आपापल्या अंगणातली माती आणतात, तिच्यातून फाज वेगळा करतात, त्याला नाव देतात, त्याच्या जनुकांची नोंद करतात आणि तो साठवणीत जमा करतात. निवडून घेतलेली मुलं नव्हेत, अख्खा वर्ग. काम निरुपद्रवी जिवाणूवर चालतं, त्यामुळे धोका नाही. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या एका विद्यार्थिनीने याच रीतीने एका कुजलेल्या वांग्यावरून एक फाज मिळवला आणि त्याचं नाव ‘मडी’ ठेवलं. तो इतर शेकडो फाजांबरोबर पिट्सबर्गच्या शीतपेटीत पडून राहिला.

पुढे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात १५ वर्षांच्या एका मुलीची फुफ्फुसं बदलण्यात आली आणि त्यानंतर क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतल्या एका जंतूचा संसर्ग तिच्या शरीरभर पसरला. कोणतंही प्रतिजैविक लागू पडेना. डॉक्टरांनी हॅटफुल यांना विचारलं. विद्यार्थ्यांनी जमवलेल्या साठ्यातून तीन फाज निवडले गेले. दोघांमध्ये प्रयोगशाळेत जनुकीय बदल करावे लागले, कुजक्या वांग्यावरचा मडी होता तसाच उपयोगी पडला. मुलीची प्रकृती सुधारली, जखमा भरत आल्या, ती घरी गेली. जनुकीय बदल केलेले फाज माणसावर वापरल्याची ही पहिली वेळ. २०१९ च्या मे महिन्यात ‘नेचर मेडिसिन’ने तिचा वृत्तांत छापला. दरबानची ती विद्यार्थिनी काही औषध शोधायला निघाली नव्हती. ती आपल्या अभ्यासक्रमाचं काम करत होती. फरक एवढाच, की ते काम खरं होतं आणि कुणीतरी ते जपून ठेवलं.

आता आमच्याकडे या. सांडपाण्यातून कोलीफाज (ई. कोलाय जिवाणूला मारणारा फाज) वेगळा करणे, हे प्रात्यक्षिक सूक्ष्मजीवशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांत वर्षानुवर्षं आहे. बी.एस्सी.ची मुलं नाल्याचं पाणी आणतात, गाळतात, जिवाणूंबरोबर प्लेटवर पसरतात, आणि दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली की जिवाणूंच्या दाट थरात लहान लहान स्वच्छ ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक फाज, कदाचित जगात कुणी न पाहिलेला. मुलं ठिपके मोजतात, आकडा जर्नलात लिहितात, सही घेतात. प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये जातात आणि धुऊन पालथ्या घातल्या जातात. दरबानच्या मुलीने केलं त्यातलं निम्मं काम आमची मुलं दर वर्षी करतात, आणि आम्ही त्यांना तिथेच थांबवतो. त्या ठिपक्यातला फाज शुद्ध करा, तो आणखी कोणत्या जिवाणूंना मारतो ते पाहा, कुठल्या नाल्यातून कोणत्या महिन्यात आला ते लिहा, नळीत भरून ठेवा: यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. जनुकांचा क्रम लावायला पैसे लागतील, तो शेवटचा टप्पा विद्यापीठाने किंवा पुण्यामुंबईच्या एखाद्या संस्थेने करावा. पण त्याच्या आधीचं सगळं आमच्या चार भिंतींत होण्यासारखं आहे.

‘हे विज्ञानात जमेल, कला शाखेत काय?’ असंही विचारलं जातं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे बी.ए. होते. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून, वाण्यांच्या बासनांतून त्यांनी कागद गोळा केले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे केले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापलं. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि राज्यभरच्या घराघरांत मोडीतले असंख्य कागद आज वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. एका सत्रात मोडी वाचायला शिकवता येतं. इतिहासाच्या एका वर्गाने एका गावच्या एका घराण्याचे कागद लिप्यंतर केले, तर तो निखळ संशोधनाचा ऐवज आहे. भूगोलाच्या मुलांनी टेप आणि दोरी घेऊन ठरावीक विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला मोजली, तर दहा वर्षांनी त्या तालुक्यातल्या पाण्याविषयी त्या वहीइतकी खात्रीची माहिती दुसरीकडे मिळणार नाही. भाषेच्या मुलांच्या तर आजीच्या तोंडी न नोंदवलेले शब्द आहेत.

या सगळ्याच्या वाटेत सध्या उभी असलेली सगळ्यात मोठी धोंड म्हणजे पंचाहत्तर टक्के. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीचा आराखडा दिला. त्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यालाच चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येतं. ही अट कुणी वाईट हेतूने घातली असेल असं मला वाटत नाही. जागा मर्यादित आहेत, तर त्या चांगल्या मुलांना मिळाव्यात, असा साधा विचार असावा. पण त्यामागे दोन गृहीतकं आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत.

पहिलं गृहीतक हे, की आपली परीक्षा संशोधनाची पात्रता मोजते. ती मोजत नाही. ती मोजते तीन तासांत पाठ केलेलं किती उतरवता येतं ते. प्लेटवर एक ठिपका इतरांपेक्षा वेगळा दिसतो आहे हे ज्याच्या लक्षात येतं, जो सुटीच्या दिवशी येऊन इन्क्युबेटर बघून जातो, उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं नाही तर जो आकडा बदलत नाही, तो मुलगा माझ्या वर्गात अनेकदा ५८ टक्क्यांवर असतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकून अकरावीला एकदम इंग्रजीत पडलेला हा मुलगा. त्याचे गुण त्याच्या इंग्रजीचे आहेत, त्याच्या डोळ्यांचे आणि हातांचे नाहीत. उलट बाजूने, ८५ टक्क्यांची कितीतरी मुलं उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नासमोर गोंधळून जातात, आणि त्यात त्यांचाही दोष नाही. त्यांना असा प्रश्न कधी कुणी दिलेलाच नसतो.

दुसरं गृहीतक हे, की संशोधन ही शिक्षणाच्या शेवटी द्यायची बक्षिसी आहे. आमची बहुसंख्य मुलं तिसऱ्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडतील. कुणी दुधाच्या संघात, कुणी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, कुणी शाळेत, कुणी शेतात. त्यांना पुरावा कसा तपासायचा हे कळायला नको का? दुधातल्या भेसळीचा अहवाल लिहिणाऱ्या माणसाने एकदा तरी स्वतः उभा केलेला प्रयोग फसलेला पाहायला नको का? पोलरॉइड कॅमेऱ्याचे जनक एडविन लँड यांनी १९५७ मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत भाषण करताना मागणी केली होती की पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवसांत स्वतःचा संशोधनप्रकल्प द्यावा. त्या विचारातून १९६९ मध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी तिथे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला, जो आजही चालू आहे आणि पहिल्या वर्षापासून खुला आहे. एमआयटीचा पैसा आपल्याकडे नाही, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या वर्षाच्या मुलावर विश्वास ठेवायला पैसा लागत नाही.

आणि ही अट आता पूर्वीपेक्षा जड झाली आहे. एम.फिल. बंद झालं. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण करणाऱ्याला थेट पीएच.डी.चा रस्ता खुला झाला. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर पुढची सगळी वाट ठरणार. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं, त्यामुळे या मुलांची पहिली तुकडी चौथ्या वर्षात पोहोचेल ती २०२७-२८ मध्ये. अट बदलायला अजून वेळ आहे.

संशोधन सगळ्यांना खुलं केलं तर बनावट संशोधनाचा पूर येईल, हा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. पूर आलेलाच आहे. पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणारी नियतकालिकं आपल्याकडे बोकाळली. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती मागे घेऊन जबाबदारी संस्थांवर सोडली. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट नावाचा घटक आला, आणि महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार, स्पायरल बाइंडिंग केलेले प्रोजेक्ट मिळू लागले. नाव आणि रोल नंबर बदलला की झालं. हे मी नाकारत नाही. पण हे कशामुळे झालं? आपण मुलांकडे छापील कागद मागितला. प्रमाणपत्र, शोधनिबंध, बांधीव अहवाल. जे मागितलं ते बाजाराने पुरवलं. मुलाकडे त्याची रोजची वही मागा, ज्यात तारीख आहे, फसलेले दिवस आहेत, खाडाखोड आहे, आणि त्या वहीवर तोंडी प्रश्न विचारा. ती वही झेरॉक्सच्या दुकानात मिळणार नाही. पदवीच्या मुलाचा शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, हा हट्ट आपण सोडला पाहिजे. त्याने मिळवलेली नोंद पुढच्या बॅचच्या हातात विश्वासाने देता येते का, एवढी कसोटी मला पुरेशी वाटते.

म्हणूनच माझं म्हणणं असं, की विभागाने एक प्रश्न हाती घ्यावा आणि तो दहा वर्षं सोडू नये. दर वर्षी नवी मुलं येतील, आधीच्यांच्या नोंदी वाचतील, त्यांतल्या चुका काढतील, आपली भर घालतील. विद्यापीठांमधली ‘आविष्कार’ ही संशोधनस्पर्धा २००६ पासून राज्यभर होते आणि तिने आमच्या मुलांना व्यासपीठ दिलं, याबद्दल मला कृतज्ञता आहे. पण स्पर्धेसाठी तीन महिन्यांत उभं केलेलं पोस्टर स्पर्धेनंतर कपाटामागे जातं. सलग चाललेला एक साधा प्रश्न मुलांना जे शिकवतो ते दहा पोस्टरं शिकवत नाहीत. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल यांनी मूळसंख्या ओळखण्याचा आपला स्वतःचा प्रश्न बी.टेक.च्या दोन विद्यार्थ्यांच्या हाती दिला. नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांच्या प्रकल्पातून ते काम पुढे सरकलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये तिघांनी मिळून जगाला थक्क करणारं उत्तर दिलं. शिक्षकापाशी स्वतःचा जिवंत प्रश्न होता, म्हणून तो मुलांना देता आला.

इथे मला सरकारशी बोलायचं आहे. ज्या शिक्षकाला तासाप्रमाणे पैसे मिळतात, तेही सहा सहा महिने उशिरा, पुढच्या जूनमध्ये आपण असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे दहा वर्षांचा प्रश्न कसा असेल? महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांची रिक्त पदं भरल्याशिवाय पदवीच्या संशोधनावर लिहिलेला प्रत्येक आराखडा कागदावरच राहणार आहे. माझ्यासारखे कायम नोकरीतले शिक्षक यातून पळ काढू शकत नाहीत. पण तासिका तत्त्वावरच्या तरुण सहकाऱ्यांकडून हे फुकट करून घेणं मला मान्य नाही. त्यातले कितीतरी पीएच.डी. झालेले आहेत, आमच्यापेक्षा ताज्या तंत्रात तयार आहेत, आणि त्यांचं सगळं ज्ञान चार महाविद्यालयांत तास घेत एस.टी.च्या प्रवासात संपून जातं.

मोठ्या संस्थांशीही बोलायचं आहे. निवडक मुलांना दोन महिने बोलावण्याबरोबर त्यांनी आपलं काम बाहेर पाठवावं. याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिने केलेल्या आकाशाच्या पाहणीच्या प्रतिमा कुणालाही पाहता येतात. खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांनी २०१३ मध्ये ‘रॅड अॅट होम’ हा उपक्रम सुरू केला. विज्ञान आणि अभियांत्रिकीची मुलं घरी बसून इंटरनेटवर या प्रतिमा वाचायला शिकतात आणि वेगळं काही दिसलं की कळवतात. त्यातूनच एका दीर्घिकेतून निघालेला झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळत असल्याचा शोध लागला आणि २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल सुमारे ३०,००० पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. म्हणजे दुरून, गावात राहून, खऱ्या कामात हात घालता येतो. प्रत्येक राष्ट्रीय प्रयोगशाळेने आपल्या परिसरातल्या पाच-सहा तालुका महाविद्यालयांना आपल्या एखाद्या चालू प्रश्नाचा एक तुकडा दिला, तर त्याचा परिणाम उन्हाळी जागा दुप्पट करण्यापेक्षा मोठा होईल.

आणि मुलांनो, ही व्यवस्था बदलेपर्यंत तुम्ही थांबू नका. नियसला, अकादमींना अर्ज कराच. दिवाळीच्या सुटीत शिक्षकांच्या घरी जाऊन शिफारसपत्र मागायला लाजू नका. पत्र लिहाल तेव्हा साच्यातलं लिहू नका. ज्यांना लिहिता त्यांचं खुलं उपलब्ध असलेलं एखादं लेखन वाचा, न कळलेली एक जागा दाखवून तीच विचारा. इंग्रजी अडत असेल तर साध्या, तुटक वाक्यांत लिहा, चालतं. आणि सगळीकडून नकार आला, तर त्यावरून स्वतःची किंमत करू नका. हजारांच्या जागांसाठी कोटींच्या रांगेत उभे होतात, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्या विभागात जा, सरांना किंवा मॅडमना विचारा की तुम्हाला स्वतःला माहीत नसलेला एखादा प्रश्न आहे का. विचारून तर पाहा. कितीतरी शिक्षक हे कुणीतरी विचारावं म्हणून वर्षानुवर्षं थांबलेले आहेत.

अभ्यासमंडळांच्या बैठकांमध्ये पुढच्या वर्षांचे अभ्यासक्रम ठरत आहेत. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मंडळापुढे मी लेखी प्रस्ताव ठेवला आहे. कोलीफाजचं प्रात्यक्षिक यादीत आहे तिथेच राहू द्या. त्याचे तास दोनवरून आठ करा, प्रत्येक मुलाने मिळवलेला फाज ठिकाण आणि तारखेसह विभागाच्या शीतपेटीत जमा करायची सक्ती करा, आणि परीक्षेतले त्याचे गुण जर्नलाच्या सहीऐवजी त्या नोंदीवर द्या. ७५ टक्क्यांची अट काढावी असं निवेदनही सोबत जोडलं आहे. इतर विषयांच्या शिक्षकांनी आपापल्या मंडळांपुढे आपापलं एक प्रात्यक्षिक निवडून असाच प्रस्ताव ठेवावा.